नळीचे दुसरे टोक

१९९४ सालच्या एका संध्याकाळी, वयाच्या ३४व्या वर्षी, मी वडोदऱ्यात फ्रीमेसन, म्हणजे फ्रीमेसनरी या जुन्या बंधुसंघाचा सभासद, झालो. त्या दीक्षाविधीतला बराचसा भाग पुढे इतक्या वेळा पाहिला आणि ऐकला, की त्यातले नवेपण आता उरलेले नाही. पण एक क्षण मात्र अजूनही जसाच्या तसा आठवतो. विधी सुरू होण्यापूर्वी उमेदवाराजवळचे पैसे, घड्याळ, अंगठी, किंबहुना धातूची म्हणून जी वस्तू असेल ती काढून बाहेर ठेवतात. पुढे विधीच्या ओघात, सगळ्या सभासदांच्या देखत, त्याच उमेदवाराकडे गोरगरिबांसाठी दान मागितले जाते. माझा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. दरमहा नियमित पगार घेणारा, घरी कोणी मागायला आले तर सहसा विन्मुख न पाठवणारा मी माणूस, आणि त्या क्षणी माझ्याजवळ देण्यासारखे काहीही नव्हते. सभागृह शांत होते. मग मला समजावून सांगण्यात आले, की पुढे कधी एखादा अडचणीतला माणूस तुझ्यासमोर उभा राहिला, तर आज तूही असाच रिक्तहस्ते आमच्या दारात आला होतास हे आठव.

या प्रसंगाबद्दल लिहिण्यात वचनभंग होतो असे मला वाटत नाही. फ्रीमेसनरीच्या विधींची वर्णने अनेक दशकांपासून छापील पुस्तकांत उपलब्ध आहेत, आणि आम्ही गुप्ततेचे जे वचन देतो ते मुख्यतः एकमेकांना ओळखण्याच्या खुणांपुरते असते. तरीही या संस्थेभोवती गूढतेचे वलय आहे, हे खरे. मेसनांच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात; जुन्या काळी आपल्याकडे लोक लॉजच्या इमारतीला ‘जादूघर’ म्हणत. मी सभासद होणार हे कळल्यावर माझ्या आईने पहिला प्रश्न हाच विचारला होता, की त्या जादूघरात जाऊन आपला देव तर सोडावा लागत नाही ना. मी तिला सांगितले, की उलट देव न मानणाऱ्याला तिथे प्रवेशच नाही. ईश्वराला तिथे विश्वाचा महान शिल्पकार म्हणतात, वेदीवर गीता, कुराण, बायबल असे निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ शेजारीशेजारी उघडून ठेवतात आणि ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून वचन द्यायचे असते. ‘म्हणजे विश्वकर्माच की,’ असे म्हणून ती पुन्हा निवडण्याच्या ताटाकडे वळली. इतक्या थोडक्यात आणि इतके नेमके मला कधी सांगता आले नसते.

इतिहासही थोडक्यात सांगतो. लंडनमधल्या चार लॉजेसनी एकत्र येऊन २४ जून १७१७ रोजी पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजेसची मध्यवर्ती संस्था, स्थापन केली असे परंपरेने मानतात. १७२३ साली तिची नियमावली छापली गेली. १७३०च्या सुमारास कलकत्त्यात भारतातली पहिली लॉज सुरू झाली. आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज अस्तित्वात आली. बंधुभाव, साहाय्य आणि सत्य ही फ्रीमेसनरीची तीन तत्त्वे. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण या दोन विषयांवर वाद घालण्यास मनाई असते, आणि आमच्या गावातल्या दिवाणखान्यांत हेच दोन विषय किती रात्री खातात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको.

मला मात्र या संस्थेशी जोडून ठेवले ते तिच्या हत्यारांनी. मेसन म्हणजे गवंडी. गुजरातीत ज्याला कडिया म्हणतात, तो. गुण्या, ओळंबा, पाणसळ, छिन्नी, हातोडा, २४ इंचांची मोजपट्टी ही गवंड्याची साधीसुधी हत्यारे, आणि माणसाने कसे वागावे हे मेसन त्यांच्याच भाषेत बोलतो. अनघड दगड आणि घडवलेला चिरा हे दोन्ही लॉजमध्ये डोळ्यांसमोर ठेवलेले असतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे लहानपणापासून ऐकलेल्या मराठी माणसाला त्या दगडांचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. मी पेशाने बांधकाम खात्यातला अभियंता असल्यामुळे ही सगळी हत्यारे माझ्या ओळखीची होती. निदान माझी तशी समजूत होती.

१९८३ साली, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, वडोदऱ्याच्या बाहेर एका वसाहतीच्या जोत्याचे काम माझ्याकडे आले. तिथे दाहोदकडचा एक वयस्कर गवंडी होता. पाया भरून झाल्यावर चारही कोपऱ्यांची पातळी एक आहे की नाही हे तो पाण्याच्या नळीने पाही. काम अगदी साधे असते. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, एक टोक एकाने या कोपऱ्यात उभे धरायचे, दुसरे टोक दुसऱ्याने त्या कोपऱ्यात. पाणी दोन्ही टोकांना सारख्याच उंचीवर थांबते, आणि तिथे पेन्सिलीने खूण करायची. मला घाई होती, म्हणून मी माझ्या टोकाची खूण पाहून ‘चला, झाले’ म्हणालो. त्याने नळी सोडली नाही. तो म्हणाला, ‘साहेब, पातळी तुमच्या बाजूला नसते. मी इकडून हो म्हणेपर्यंत ती ठरत नाही.’ मग त्याने नळी डोळ्यांसमोर धरून हळूहळू सरकवत नेली. मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढा हवेचा एक बुडबुडा अडकला होता. तेवढ्या बुडबुड्याने दोन टोकांच्या पातळीत फरक पडला होता. टिचक्या मारून, एक टोक खाली करून त्याने तो बुडबुडा बाहेर काढला, आणि माझी खूण दोन सूत वर सरकली.

पुढे लॉजमध्ये सीनियर वॉर्डन या पदाधिकाऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर पातळीचे चिन्ह पाहिले, आणि ‘आपण सारे एका पातळीवर भेटतो’ हे वाक्य ऐकले, तेव्हा मला त्या गवंड्याची आठवण झाली. पण आठवण होणे निराळे आणि कळणे निराळे. कळायला मला एक चूक करावी लागली.

दीक्षा घेऊन पाच-सहा वर्षे झाली असतील. आम्ही काही जणांनी मिळून शहराबाहेरच्या एका गावातल्या शाळेत दप्तरे वाटली. दप्तरांवर आमचे गुण्या आणि कंपासाचे चिन्ह ठळक छापून घेण्याची कल्पना माझीच होती. प्रत्येक मुलाला पुढे बोलवायचे, दप्तर हातात द्यायचे, त्याने कॅमेऱ्याकडे बघायचे आणि आम्ही हसायचे, असा तासभर कार्यक्रम झाला. एका मुलाने मान वर केली नाही म्हणून मीच त्याच्या हनुवटीला बोट लावून ती वर केली. तो फोटो छान आला होता, आणि पुढे वर्षभर आमच्या फलकावर लावलेला होता. नंतर त्या मुलाचा बाप माझ्याच एका साइटवर मजुरीला आला. त्याने मला ओळखले. चांगला मोकळा माणूस. तक्रारीचा सूरही नव्हता त्याच्या बोलण्यात. त्याने एवढेच सांगितले, की शाळेतली मोठी मुले पोराला ‘दानवाला’ म्हणून चिडवतात, म्हणून दप्तर घरी खुंटीला टांगलेले आहे आणि पोरगा पुन्हा पिशवीतूनच वह्या नेतो.

मराठीत ‘मिंधा’ असा एक शब्द आहे. उपकाराच्या ओझ्याखाली मान वाकलेल्या माणसाला आपण मिंधा म्हणतो. मी एका आठ वर्षांच्या मुलाला मिंधा केले होते, आणि वर त्याची मान हाताने सरळ करून त्याचा फोटो काढला होता. रिक्त खिशाचा तो क्षण मी इतक्या लवकर विसरलो, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली.

त्यानंतर मी लॉजमध्ये असे सुचवले, की आपण जे काही देऊ त्यावर चिन्ह छापू नये आणि घेणाऱ्याचा फोटो काढू नये. सर्वांना हे पटले नाही, आणि न पटणाऱ्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा होता असेही मी म्हणणार नाही. फोटो पाहून आणखी लोक मदतीला पुढे येतात, हिशेब उघड राहतो, हे खरे आहे. पण आमच्याच परंपरेत त्याचे उत्तर होते. सभेत दानाची पिशवी फिरते तेव्हा प्रत्येक जण मूठ झाकून हात आत घालतो आणि मोकळा हात बाहेर काढतो. कोणी दहा रुपये टाकले आणि कोणी हजार, हे शेजारच्यालाही कळत नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही आपली म्हणच तिथे कापडाच्या पिशवीच्या रूपाने फिरत असते. जी लाज आपण देणाऱ्यासाठी एवढ्या काळजीने राखतो, ती घेणाऱ्यासाठी का राखू नये? या वादाला तीन-चार वर्षे लागली. आता आमच्याकडे बिले आणि पावत्या दाखवतात, माणसे दाखवत नाहीत.

पातळीच्या गोष्टी सांगताना या संस्थेचा स्वतःचा हिशेबही मांडला पाहिजे, नाहीतर लेखणी सरळ राहणार नाही. ज्या लॉजेस समतेची भाषा बोलत होत्या, त्यांनी भारतात बराच काळ भारतीयांना दारात उभे केले नाही. मुंबईच्या माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना प्रवेश मिळाला तो पॅरिसमध्ये; त्यानंतर १८४३ साली जेम्स बर्न्स या ब्रिटिश मेसनच्या पुढाकाराने मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज भारतीयांसाठी स्थापन झाली. हिंदूंच्या बाबतीत तर, त्यांना अनेक देव आहेत तेव्हा त्यांनी कोणत्या एका ईश्वराचे वचन द्यायचे, हा आक्षेप वर्षानुवर्षे घेतला जात होता. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांना दीर्घ झगड्यानंतर १८७२ साली प्रवेश मिळाला. पुढे बारा वर्षांनी त्याच शहरातल्या एका लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणाने दीक्षा घेतली, ज्याला जग नंतर विवेकानंद म्हणून ओळखू लागले. दार उघडले खरे, पण बाहेरून ठोठावणाऱ्यांनी ते उघडायला लावले. आजही वर्गणी आणि प्रवेशशुल्काचा विचार केला, तर त्या दाहोदच्या गवंड्याला, ज्याच्या हत्यारांवर आमची सगळी भाषा उभी आहे, आमच्यात येऊन बसणे परवडणारे नाही. ही खंत मी सभेतही बोललो आहे.

आणि वडोदऱ्यात राहणाऱ्याला पातळीविषयी बोलताना कमाटीबागेची, इथल्या सार्वजनिक उद्यानाची, आठवण टाळता येत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१३ साली त्यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. राजाच्या बाजूने नळी नीट धरलेली होती. पण १९१७ साली तेच आंबेडकर कराराप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तिथून निघायला लावले. त्यांनी दोन मित्रांना विचारले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने सांगितले की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर सोडून जातील. दुसऱ्यानेही काही कारण काढले. मग मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. मी सकाळी फिरायला जातो तेव्हा कधीकधी तिथे थांबतो. लाठ्या घेऊन आलेल्यांचा विचार माझ्या मनात फारसा येत नाही. विचार येतो तो त्या दोन मित्रांचा. ते बहुधा सभ्य, सुशिक्षित, चारचौघांत बंधुभावाबद्दल चांगले बोलणारे गृहस्थ असतील. त्यांच्याकडून एकाच संध्याकाळी एकच गोष्ट मागितली गेली होती, एक खोली, आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी ‘नाही’ म्हटले. त्यांच्या जागी मी असतो तर काय केले असते, या प्रश्नाचे उत्तर मला छातीवर हात ठेवून देता येत नाही, आणि म्हणूनच मी तिथे थांबतो.

निवृत्तीनंतर मी २४ इंचांच्या मोजपट्टीकडे वळलो. ती पट्टी म्हणजे दिवसाचे २४ तास, आणि त्यांतला काही भाग प्रार्थनेसाठी, काही काम व विश्रांतीसाठी, काही अडचणीतल्या माणसासाठी, असे आम्हाला सांगितलेले असते. शेवटच्या भागाला स्वतःचे आणि कुटुंबाचे नुकसान न होऊ देता अशी अटही आहे, जी उत्साहाच्या वयात मी पाळली नाही. आता आठवड्यातून दोन सकाळी मी एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उभा असतो. खेड्यातून आलेल्या माणसाला केसपेपर कुठे काढायचा, एक्स-रेची खिडकी कोणती, रक्ताचा रिपोर्ट किती वाजता मिळेल हे सांगायचे, कागदावर लिहून द्यायचे, आणि म्हातारे माणूस असेल तर बरोबर चालत जायचे. यात पैसा लागत नाही, कौशल्यही फारसे लागत नाही. लागतो तो वेळ, आणि घाई न करण्याची तयारी. मी कोण, कुठल्या संस्थेचा, हे तिथे आजवर दोघा-तिघांनीच विचारले असेल.

२०२४च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या सुमारास, वडोदऱ्यातून वाहणाऱ्या विश्वामित्रीला पूर आला. नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली, शहराचे मोठे भाग दोन-तीन दिवस पाण्यात राहिले, वीज गेली, आणि नदीतल्या मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या. आमचे घर उंचावर असल्यामुळे वाचले. पाणी ओसरल्यावर आम्ही चार-पाच जण धान्याची पाकिटे घेऊन परशुराम भठ्ठा या वस्तीकडे निघालो, तेव्हा माझी पत्नीही बरोबर आली. आमच्या लॉजमध्ये स्त्रियांना सभासदत्व नाही. ॲनी बेझंट यांनी ज्या शाखेचे काम भारतात उभे केले तिच्यात स्त्री-पुरुष दोघांनाही प्रवेश होता, पण ती परंपरा वेगळी. तीस वर्षे पत्नी मला हसून म्हणत आली आहे, ‘अहो, तुमची पातळी आमच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबते.’ मी दर वेळी परंपरेचे कारण सांगतो, आणि ते कारण तिला पटत नाही हे मला ठाऊक आहे. खरे सांगायचे तर हल्ली ते मलाही पूर्वीइतके पटत नाही.

एका घरात शिवणकाम करणारी एक बाई होती, मूळची खानदेशातली, त्यामुळे बोलणे मराठीतच झाले. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ उमटलेली होती. आमच्यातल्या एकाने पाकीट पुढे केले. तिने ते घेतले, बाजूला ठेवले, आणि पुन्हा खाली बसून एका बोचक्याची गाठ सोडू लागली. आम्ही पुढच्या घराकडे वळलो होतो. पत्नी मात्र तिथेच थांबली, आणि तिने विचारले, ‘ताई, तुम्हाला नक्की काय पाहिजे?’

ती बाई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मला दोन दिवस पंखा पाहिजे.’

बोचक्यात गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस होते. नवरात्रासाठी आलेले, काही कापलेले, काही अर्धे शिवलेले, सगळे चिखलाच्या पाण्याने भिजलेले. धान्य कुठून ना कुठून मिळत होते. पण दुसऱ्यांचे कापड आपल्या घरात कुजले, तर पुढच्या वर्षी कोणी आपल्याकडे कापड टाकणार नाही, ही तिची काळजी होती, आणि आमच्यातल्या एकाच्याही यादीत ती नव्हती. ते बोचके आम्ही घरी आणले. पत्नीने एकेक कापड तीन-तीन पाण्यांतून काढले, दोरीवर जागा उरली नाही तेव्हा खुर्च्यांच्या पाठींवर टाकले, आणि वीज परत आल्यावर दिवाणखान्यात दोन पंखे लावून ठेवले. एकूण ४१ कापडे होती. मापांची वही उघडली तर शाई पसरलेली. कित्येक पानांवर ३४ की ३६, काही कळत नव्हते. ती बाई आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली, एकेक कापड हातात घेऊन डोळे मिटायची, आणि गिऱ्हाईक आठवून माप सांगायची; पत्नी नव्या वहीत लिहून घ्यायची. मी इस्त्री करत होतो. त्या दोन दिवसांत मी जवळजवळ काही बोललो नाही.

दसरा झाल्यावर पत्नी एक ब्लाउजपीस घेऊन तिच्याकडे गेली. मशीनची मोटर तोपर्यंत दुरुस्त झाली होती. चार दिवसांनी ब्लाउज तयार झाला, तेव्हा मीही बरोबर होतो. तिने ब्लाउज घडी करून कागदात गुंडाळला, आणि पत्नीने पर्स उघडल्यावर क्षणभर तिच्याकडे पाहिले. मला वाटले आता ती नको म्हणणार. तिने नेहमीच्या दराने पूर्ण पैसे सांगितले, नोटा मोजून डब्यात टाकल्या आणि वरचे सुटे दहा रुपये परत दिले. मग वहीत पत्नीच्या नावापुढे माप लिहिले, आणि बाही थोडी सैल वाटली तर घेऊन या, असे सांगितले.